ऐकण्याचा पेपर

झाशी, ८ जून २०२४

यज्ञेश्वरजींना वसुंधराचा नमस्कार, आणि सोबत एक तक्रार.

तुमच्या सांगण्यावरून मी इंग्रजीच्या क्लासात नाव घातलं. इलाइट चौराह्याजवळ, मिठाईच्या दुकानावर, दुसरा मजला. लग्नानंतर इंग्लंडात नोकरी करायची तर ऐकण्याची आणि वाचण्याची परीक्षा पास झालेली बरी, असं तुम्ही लिहिलंत. आपली गाठ घालून देणारी सरलाआत्या म्हणाली, बघ, मुलगा किती पुढचा विचार करतो. चोपन्न वर्षांच्या माणसाला मुलगा म्हणणारी ती एकटीच बाई आता झाशीत उरली आहे.

वर्गात मी सत्तेचाळीसची, बाकीच्या सगळ्या विशी-बाविशीच्या. बबीनाहून फौजींच्या मुली येतात, त्यांना परदेशी जाऊन नर्स व्हायचंय. पहिल्या दिवशी त्या मला मॅडम समजून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याच बाकावर बसले तेव्हा त्यांची फार निराशा झाली. शिकवायला सुभाषचंद्र सर आहेत. त्यांनी इंग्लंड पाहिलेलं नाही, पण बोलतात असे, की तिथली नगरपालिका त्यांच्याच हाताखाली चालते.

आज ऐकण्याचा पेपर झाला. टेपवर एक बाई हरवलेल्या छत्रीची तक्रार नोंदवते. तिकडचा बाबू तिला नाव विचारतो, स्पेलिंग विचारतो, छत्रीची मूठ कसली होती ते विचारतो. आमच्या स्टेशनवर अख्खा माणूस हरवला तरी इतकी चौकशी होत नाही. मी हाच विचार करत बसले आणि टेप पुढे निघून गेली. टेप एकदाच वाजते, पुन्हा विचारायची सोय नाही. चाळीसपैकी अकरा आले. सर म्हणाले, "मैडम, आप सुनती कम हैं, सोचती ज़्यादा हैं।"

वाचण्यात मात्र मी वर्गात पहिली. माझे यजमान गेल्यावर मला त्यांच्या जागी वर्कशॉपच्या ऑफिसात घेतलं, तेव्हापासून रेल्वेची परिपत्रकं वाचते आहे. ती ज्याला कळली त्याला जगातलं कुठलंही इंग्रजी कळतं.

आता तक्रार. फेब्रुवारीत तुम्ही आमच्याकडे चहाला आलात, हिवाळ्यात रजिस्टर लग्न करायचं ठरलं, परत गेलात, आणि तेव्हापासून नुसती पत्रं. मेलने येतात, पण पत्रंच. फोन एकही नाही. सुजयदादा रोज विचारतो, आणि अनुयावहिनी विचारत नाही, नुसती बघते. ते जास्त त्रासाचं आहे.

वसुंधरा


लेस्टर, १६ जून २०२४

वसुंधराबाई,

सप्रेम नमस्कार. आपलं पत्र मिळालं. अकरा गुणांनी खचू नये. मीही झाशीच्या रेल्वे कॉलनीतच वाढलो, वडील गार्ड होते, आणि आमच्या शाळेत इंग्रजीचे सर इंग्रजी बुंदेलीतूनच शिकवत. तरी आज मी इथे पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे.

माझं अनुभवानं असं मत झालं आहे की आयुष्यात ऐकण्यापेक्षा वाचणं महत्त्वाचं. ऐकलेलं हवेत जातं. वाचलेलं पुन्हा वाचता येतं. फोनवर माणूस काहीही बोलून बसतो. पत्र लिहिताना विचार करावा लागतो. म्हणून मला पत्रव्यवहार आवडतो. हे जुन्या वळणाचं वाटेल, पण आपणही जुन्या घराण्यातल्या आहात, तेव्हा समजून घ्याल.

परीक्षेत मात्र ऐकण्याचा पेपर टाळू नका. तो फार उपयोगी आहे. इथे डॉक्टर, बँक, बॉयलर दुरुस्त करणारा, सगळ्यांशी फोनवरच बोलावं लागतं. रोज थोडा वेळ इंग्रजी बातम्या ऐकाव्यात.

इथे हवा बरी आहे. इरा, माझी कन्या, आपल्याला नमस्कार सांगते.

आपला,
यज्ञेश्वर


झाशी, ३० जून २०२४

यज्ञेश्वरजी,

ऐकण्यापेक्षा वाचणं महत्त्वाचं, आणि ऐकण्याचा पेपर फार उपयोगी. दोन्ही वाक्यं एकाच पत्रात. सुभाषचंद्र सरांना दाखवली असती तर त्यांनी यावर प्रश्न काढला असता.

वाचण्याच्या पेपरात एक प्रकार असतो. उतारा देतात, खाली विधानं देतात, आणि प्रत्येकापुढे लिहायचं: खरं, खोटं, की दिलेलं नाही. मुली या 'दिलेलं नाही'ला फार घाबरतात. त्यांना वाटतं, उताऱ्यात आहे आणि आपल्यालाच सापडत नाही. मला तो प्रकार छान जमतो. मी तुमची पत्रं काढून बसले. घटस्फोट होऊन नऊ वर्षं झाली: खरं. मुलगी सोबत राहते: खरं. फोन का करत नाहीत: दिलेलं नाही. हवा बरी आहे, हे मात्र दर पत्रात दिलेलं आहे.

मागच्या रविवारी दादाचा धीर सुटला. त्याचं म्हणणं, जो माणूस फोन करत नाही त्याच्या घरात दुसरी बायको असते. त्यानं स्वतःच तुमचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्या हातात दिला. तिकडून एक मुलगी बोलली. इरा असणार. मागे टीव्ही इतका मोठा, की आमच्या माजघरात बातम्या ऐकू आल्या. मी तुमचं नाव घेतलं. ती भराभर काहीतरी म्हणाली, त्यातले मला दोनच शब्द धरता आले, 'कान्ट' आणि 'हिअर'. मी थँक यू म्हणून फोन ठेवला. वहिनीनं विचारलं काय म्हणाली, मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत, इथे नाहीत. दादा म्हणाला, "बघ. आहे दुसरी."

मी त्याला गप्प केलं. पण मलाही जाणून घ्यायचंय, रविवारी सकाळी माणूस घरी टीव्ही लावून जातो कुठे.

वसुंधरा


लेस्टर, ७ जुलै २०२४

वसुंधराबाई,

आपल्या बंधूंचा गैरसमज दूर करावा. दुसरी कोणी नाही. पहिली होती तीच पुरेशी होती.

त्या रविवारी मी दुकानात गेलो होतो. दूध संपलं होतं. टीव्ही इरानं लावला असेल, आजकालच्या मुलांना आवाज मोठाच लागतो.

इरा सप्टेंबरात नोकरीसाठी ग्लासगोला जाणार आहे. घर मोठं वाटेल. आपली परीक्षा ऑगस्टात आहे ना? वर्कशॉपच्या राजीनाम्याच्या अर्जाचंही तेव्हाच बघून घ्यावं, म्हणजे डिसेंबरात लग्नानंतर अडचण यायची नाही.

इथे हवा बरी आहे.

आपला,
यज्ञेश्वर


झाशी, २१ जुलै २०२४

यज्ञेश्वरजी,

काल वर्गात सरांनी फळ्यावर दोन 'हिअर' लिहिले. एक म्हणजे इथे, दुसरा म्हणजे ऐकणे. स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. सर म्हणाले, टेपवर फरक कळणार नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखा. 'कान्ट'च्या मागून क्रियापद येतं. 'इथे' हे क्रियापद नाही.

मी सरांना म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी वही मिटली आणि खाली मिठाईच्या दुकानात जाऊन बसले.

इरा म्हणाली होती, तुम्ही ऐकू शकत नाही.

खूप वेळ मी तिथे फेब्रुवारीतला तो चहा आठवत होते. दादानं तुम्हाला विचारलं, "तुमचे आजोबा गुरसराय गावचे का?" तुम्ही म्हणालात, "अर्धा चमचा." आम्ही सगळे हसलो, वाटलं साखरेची चिंता आधी, घराण्याची नंतर, माणूस विनोदी आहे. मग आपल्याला ओसरीवर एकटं सोडलं, तेव्हा मी धीर करून विचारलं, पहिल्या बायकोशी का पटलं नाही. तुम्ही उसासा टाकलात, अंगणाकडे बघितलंत आणि म्हणालात, "हो, यंदा थंडी कमी आहे." मला वाटलं, किती खोल माणूस. दुःख किती अदबीनं बाजूला ठेवतो. यज्ञेश्वरजी, त्या एका उत्तरावर मी लग्नाला हो म्हटलं. यजमान गेल्यापासून अकरा वर्षांत मला कुणाशी बोलावंसं वाटलं नव्हतं, आणि ज्याच्याशी वाटलं तो हवामान सांगत होता.

कान गेले याचा मला राग नाही. या वयात काही ना काही जातंच. माझा एक गुडघा चाललाय. राग दूध संपल्याचा आहे. तुम्ही त्या रविवारी घरातच होतात, टीव्हीसमोर.

दुसरंही सांगते. ऑगस्टअखेर तो अर्ज द्यायचा आहे. ही नोकरी मला माझ्या यजमानांच्या, मुकुलच्या, जाण्यानं मिळाली. पहिल्या दिवशी मी त्याच्याच टेबलावर बसले होते, त्याचा चष्मा अजून खणात होता. ती सोडायची तर कशासाठी, हे मला पुरतं कळलं पाहिजे. 'दिलेलं नाही' चालणार नाही.

वसुंधरा


लेस्टर, २८ जुलै २०२४

वसुंधरा मावशी,

मी इरा. माझी लिहायची मराठी चांगली नाही, मी फोनमध्ये बोलते आणि तो लिहितो. चुकीचं लिहिलं तर सॉरी.

बाबांनी तुमचं लेटर वाचलं आणि गार्डनमध्ये जाऊन उभे राहिले. गार्डनमध्ये काही नाही, फक्त कचऱ्याचे डबे आहेत. मग मी पण वाचलं. त्यांनी प्रिंट काढून टेबलवर ठेवलं होतं, म्हणून मला वाटलं वाचू शकते.

बाबांच्या फॅक्टरीमध्ये पत्रा कापायचं मशीन आहे. खूप वर्षं त्याच्याजवळ उभे राहिले, कान हळूहळू गेले. डॉक्टरने मशीन दिलं कानात घालायचं. ते सॉक्सच्या ड्रॉवरमध्ये आहे. बाबा म्हणतात ते म्हाताऱ्या लोकांचं आहे. ते माझ्या तोंडाकडे बघून समजतात. मराठी मंडळात जायचं बंद केलं, कारण तिथे सगळे एकदम बोलतात.

आतापर्यंत डॉक्टर, बँक, सगळे फोन मी करते. मी जाणार म्हणून मला टेन्शन होतं. बाबा म्हणाले, काळजी नको, वसुंधरा परीक्षा पास होऊन येईल, ती ऐकेल. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. परीक्षेचं पण तुम्हाला माहीत नव्हतं का?

बाबा वाईट नाहीत. थोडे पागल आहेत.

इरा


लेस्टर, ११ ऑगस्ट २०२४

वसुंधराबाई,

इरानं आपल्याला लिहिलं, हे तिनं मला काल सांगितलं. मी रागावलो नाही. तिनं जे लिहिलं ते खरं आहे.

मी घरीच होतो. दूध होतं.

मला आपण आवडलात. आपण बोलताना हात फार हलवता, त्यामुळे आपलं अर्धं बोलणं मला कळत होतं, आणि उरलेलं कळलं नाही तरी बसावंसं वाटत होतं. पण इरा जाणार याची भीतीही होती. फोन वाजेल आणि घरात उचलणारं कोणी नसेल, याची. या दोन गोष्टी मी एकत्र केल्या आणि आपल्याला परीक्षेला बसवलं. हे बरोबर नव्हतं. आता परीक्षेला बसू नका. अर्जही देऊ नका.

मी मशीन काढून कानात घातलं आहे. पहिले दोन दिवस डोकं उठलं. फ्रिज बोलतो. मी जेवताना बैलासारखा आवाज करतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि आमचा जिना करकरतो. पहाटेच्या पाळीला जाताना इराची झोपमोड नको म्हणून मी इतकी वर्षं चवड्यांवर उतरत होतो. ती म्हणाली, बाबा, मला रोज जाग यायची.

ओसरीवर आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. माझी पहिली बायको रोज म्हणायची, तू माझं ऐकत नाहीस. मला वाटायचं, ती भांडते आहे. ती माहिती देत होती.

आपण नकार दिलात तर मी समजेन.

यज्ञेश्वर


झाशी, २२ सप्टेंबर २०२४

यज्ञेश्वरजी,

उत्तराला उशीर झाला. तुम्हाला वाट बघायला लावायचं होतं, हेही एक कारण आहे.

परीक्षेला बसले. तुम्ही नको म्हणालात म्हणून तर नक्कीच बसले. केंद्र ग्वाल्हेरला होतं. बबीनाची शिवांगी आणि मी पॅसेंजर गाडीने गेलो. वाटेत ती माझ्याकडून शब्द घोकून घेत होती आणि समोरच्या बाकावरचे एक काका, आपल्यालाच विचारतायत असं समजून, प्रत्येकाचा अर्थ सांगत होते. सगळे चुकीचे. या वेळी टेपवर दोन म्हातारी माणसं होती, बागेत झाडं कुठे लावायची यावर बोलणारी. एक विचारतो काय, दुसरा सांगतो काय. मी मन लावून ऐकलं. सोचलं बिलकुल नाही. काल निकाल आला. ऐकण्यात पास, वाचण्यात उत्तम. सरांनी माझा फोटो जिन्यात लावलाय, खाली लिहिलंय, 'उम्र सिर्फ़ एक नंबर है'. मला न विचारता. तो आता रोज लाडू घ्यायला येणारा प्रत्येक माणूस बघतो.

अर्ज दिला नाही. ऑगस्ट उलटून गेला.

इराचं पत्र वाचून मी फार चिडले होते. माझ्या कानांशी लग्न ठरलं होतं, बाकीची मी सामानासोबत येणार होते. दादाला सांगितलं असतं तर त्यानं तिथल्या तिथे सगळं मोडलं असतं, आणि त्याचं बरोबर ठरलं असतं. म्हणूनच सांगितलं नाही. मग तुमचं पत्र आलं. दूध होतं, हे वाक्य वाचून मला हसू आलं, ते थांबेना. वहिनी धावत आली, तिला वाटलं मी रडते आहे. मी म्हटलं, नाही, दूध आहे. ती तशीच धावत परत गेली आणि गॅस बंद केला.

तेव्हा ऐका, म्हणजे वाचा. मी तिकडे येत नाही. तुम्ही इकडे या. रजा साठली असेलच, हिवाळाभर राहा. इथे फोन उचलायला लागत नाही, जो तो दारात येऊन ओरडतो. झाशीत हळू कोणी बोलतच नाही, तुमच्यासारख्या माणसाला याहून बरं शहर नाही. दोन महिने माझं बोलणं ऐका. मी दिवसभर बोलते, हे तुम्हाला माहीत नाही, कारण ते तुम्ही ऐकलेलं नाही. तरीही लग्न करावंसं वाटलं तर करू. कुठे राहायचं ते त्यानंतर.

एक अट. तुमच्यासाठी मी कुणाचंही बोलणं पुन्हा सांगणार नाही. कळलं नाही तर स्वतः विचारायचं.

वसुंधरा


झाशी, २० डिसेंबर २०२४

प्रिय इरा,

तू फोनवर विचारलंस, लग्न कसं झालं, आणि तुझे बाबा म्हणाले, छान झालं. तेवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, म्हणून लिहिते.

बाबा इथे आल्यापासून बरेच सुधारलेत आणि थोडे बिघडलेत. सुजयदादा घराण्याचा इतिहास सांगायला लागला की हळूच हात कानामागे जातो आणि मशीन बंद होतं. चेहरा तसाच, मान हलते आहे. दादा म्हणतो, असा श्रोता सात जन्मात मिळायचा नाही. मी त्याला आणखी चहा देते. हे लग्न टिकलं तर अशाच गोष्टींवर टिकेल.

बाजारात मात्र पहिला महिना कठीण गेला. दुकानदार काही म्हणाला की ते माझ्याकडे बघायचे. मी दुसरीकडे बघायची. एकदा त्यांनी दोन किलो मेथी आणली, कारण भाजीवालीनं दोन म्हटलं आणि त्यांनी हो म्हटलं. तीन दिवस मेथी खाल्ली. मला फार वाईट वाटायचं, इरा, हे तुला म्हणून सांगते. तोंडावर आलेलं उत्तर गिळणं इंग्रजीच्या पेपरापेक्षा अवघड होतं. तुझ्या आईनं त्यांचं न ऐकणं किती वर्षं सोसलं असेल, असंही मनात यायचं.

काल आम्ही कचहरीत गेलो. मी, बाबा, दादा-वहिनी आणि सरलाआत्या. विवाह अधिकाऱ्याच्या खोलीत तीन जोडपी, त्यांचे साक्षीदार, आणि जमिनीच्या कामाला आलेले, खोली चुकलेले टहरौलीचे चार जण, असा सगळा मेळा. अधिकारी पान खाऊन बोलत होते. त्यांनी मला विचारलं, मी मंजूर म्हटलं. मग बाबांना विचारलं. त्या क्षणी बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. आत्यानं मला कोपर मारलं. दादानं तोंड उघडलं, वहिनीनं त्याचा हात दाबला. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं. आणि मागून टहरौलीच्या एका म्हाताऱ्यानं, या गोंधळात आपलंही काम पुढे सरकेल या आशेनं असेल, जोरात सांगितलं, "हओ साब, मंजूर है।"

सगळी खोली हसली. तुझे बाबा त्या म्हाताऱ्याकडे वळले. शांतपणे म्हणाले, "दादा, आप रुकिए। सवाल मुझसे है।" मग अधिकाऱ्यांकडे वळून, ट्रॅक्टरच्या वर आवाज चढवून म्हणाले, "साहब, मुझे कम सुनाई देता है। फिर से पूछिए।"

अधिकारी उठले, खिडकीतूनच पान थुंकले, खिडकी लावून आले, आणि प्रश्न पहिल्यापासून नीट विचारला.

तुझी,
वसुंधरा मावशी